दुष्काळाने घातलेले रूळ : मेढा ते मिरज

ऐतिहासिक रेल्वे म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे माथेरानची गाडी उभी राहते. पीरभॉय घराण्याने पदरचे पैसे घालून १९०७ साली सुरू केलेली ती दोन फुटी रुळांची गाडी, तिची नागमोडी वळणे आणि तिचा तो एकुलता एक बोगदा ! आपल्या धर्मग्रामांच्या सहलीही वर्षानुवर्षे तिकडेच जात आल्या आहेत. त्याला माझा मुळीच आक्षेप नाही. परंतु मुंबईच्या उष्म्याला कंटाळलेल्या सुखवस्तू माणसांच्या सोयीसाठी ती गाडी घातली गेली होती. आपल्याच महाराष्ट्रात, सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून, अगदी वेगळ्या कारणासाठी घातलेला एक लोहमार्ग धावतो. त्याच्यावर खेळण्यातले इंजिन नाही, तिकीट काढायला झुंबड नाही. तो लोहमार्ग भुकेतून जन्माला आला. त्याची ओळख एका दिवसात करून घेता येते, आणि ती मेढ्यापासून करून घ्यावी असे मला सुचवायचे आहे.

मेढ्याला रेल्वे नाही, मग सुरुवात तेथून का, असे कोणी विचारील. नाही, म्हणूनच तेथून. रेल्वेने काय दिले हे स्थानकांवर दिसते. तिने काय नेले, हे पाहायचे तर जिथे ती पोहोचलीच नाही अशा गावी उभे राहावे लागते.

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. महाबळेश्वरच्या पठारावरून उतरलेली वेण्णा नदी केळघरच्या खोऱ्यातून येते आणि गावाला वळसा घालून पुढे कण्हेरच्या धरणाकडे जाते. एके काळी या मुलखाचे महत्त्व घाटांमुळे होते. देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापार आणि युद्ध दोन्ही. ‘चंद्रराव’ हा किताब मिरवणाऱ्या मोऱ्यांचे सामर्थ्य त्या वाटांवर उभे होते. शिवाजी महाराजांनी १६५६ च्या आरंभी जावळी घेतली, त्याच वर्षी प्रतापगडाचे काम सुरू झाले, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्या गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचे जे झाले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

पुढे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या कारकिर्दीत, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण वसले. तेव्हा साताऱ्याहून वर जाण्याची वाट मेढा आणि केळघर यांवरूनच होती. पालख्या, तट्टे, सामानाच्या गाड्या, सारी वर्दळ या गावातून जाई. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे लोहमार्ग आला आणि वाठार हे स्थानक झाले. मुंबई-पुण्याचे पाहुणे वाठारला उतरून टांग्याने वाई, पसरणीचा घाट, पाचगणी या वाटेने महाबळेश्वरला जाऊ लागले. पाचगणीच्या शाळा वाढल्या, वाईची पेठ वाढली. मेढ्याची वाट मात्र ओस पडत गेली. इतिहासात गावे अशीही मागे पडतात. लढाई नाही, जाळपोळ नाही, फक्त वीस-पंचवीस मैलांवरून एक रूळ जातो. पुढच्या शतकात या खोऱ्यातील कर्ती माणसे मुंबईला गेली, गिरण्यांत व गोदीत राबली, पाठीवर ओझी वाहून माथाडी झाली. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना थोडे संरक्षण मिळाले, त्यांत जावळी व पाटण भागांतली माणसे मोठ्या संख्येने होती.

सहलीला आठ-दहा माणसे पुरेत. पन्नास जणांच्या बसमध्ये गाणी होतात, प्रश्न विचारले जात नाहीत. दिवस शनिवारचा धरावा, म्हणजे रविवारची मिस्सा बुडत नाही. सकाळी मेढ्यातून निघाले की चोवीस-पंचवीस किलोमीटरवर सातारा. शाहू महाराजांची ही राजधानी डलहौसीने १८४८ साली वारस नाही म्हणून खालसा केली. तो किस्सा सर्वश्रुत असल्याने येथे थांबत नाही. थांबावे ते शहराच्या पूर्वेस, संगम माहुलीला. मेढ्याहून आपल्यासोबत आलेली वेण्णा येथे कृष्णेला मिळते. नानासाहेब पेशव्यांनाही न नमलेल्या आणि पेशवाईच्या भरात आपले म्हणणे रेटणाऱ्या महाराणी ताराबाई १७६१ साली निवर्तल्या; त्यांची समाधी या घाटांवर आहे. रामशास्त्री प्रभुणे मूळचे याच माहुलीचे. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावणारा न्यायाधीश ज्या मातीतला, ती माती आपल्या तरुणांनी पाहून ठेवावी.

माहुलीच्या जवळच आजचे सातारा स्थानक आहे. जुन्या मीटरगेजच्या काळात साताऱ्याचे स्थानक शहरापासून बरेच दूर होते आणि त्याचे नावही ‘सातारा रोड’ असे होते. ‘रोड’ जोडलेले स्थानक म्हणजे गाव तिथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता आहे, असा रेल्वेचा अर्थ. त्या सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले; त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसे म्हणत. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, मार्गाची आखणी काही ठिकाणी बदलली आणि सातारा स्थानक शहराच्या जवळ आले.

गाडी सुटण्यापूर्वी फलाटावर बसून मूळ कारण समजून घ्यावे. १८७६ साली पाऊस गेला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरही जावे न लागता माण, खटाव या मुलखांत तो पाचशे-सहाशेवर येतो. ज्या वर्षी तोही पडला नाही, त्या वर्षी सातारा, सोलापूर, विजापूर, बेळगाव हे जिल्हे होरपळले. १८७८ पर्यंत दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसे मेली. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य कमी करून दिवसाला एक पौंडावर आणले. खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य ! मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्या सभेचे कार्यकर्ते आपल्या धर्माचे नव्हते. पण मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्या कामाचे मोल सांगावे लागणार नाही.

दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये आपला अहवाल दिला. देशात कोठेतरी धान्य असते, ते उपाशी जिल्ह्यात वेळेवर पोहोचत नाही, म्हणून दुष्काळी मुलखांतून लोहमार्ग घाला, असा त्याचा एक मुख्य निष्कर्ष होता. त्यातून १८८२ साली ‘सदर्न मराठा रेल्वे’ कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत पुण्यापासून मिरज, बेळगाव, लोंढ्यापर्यंत एक मीटर रुंदीचे रूळ पडले. खर्च कमी यावा म्हणून रुंदी कमी.

मग दुष्काळ हटला का ? १८९६-९७ साली तो पुन्हा आला, १८९९-१९०० मध्ये पुन्हा आला, आणि आता तर रूळ होते. धान्य स्थानकापर्यंत येत होते. ते विकत घेण्यास शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता. व्यापाऱ्याला मात्र चढा भाव मिळेल तिकडे धान्य नेण्याची सोय झाली होती. आधी पाटबंधारे द्या, मग रेल्वे, असे आपले देशी अर्थपंडित तेव्हाच सांगत होते. माझ्या मते त्यांचे म्हणणे खरे होते. शिवाय त्याच सुमारास मुंबईचा प्लेगही या रुळांवरून आतल्या गावांत शिरला. तरीही या मार्गाला नुसता शाप म्हणणे न्यायाचे होणार नाही, हे गाडीत बसल्यावर कळते.

गाडी कृष्णेच्या खोऱ्यातून दक्षिणेला धावू लागते. कऱ्हाडचे स्थानक लागते ते ओगलेवाडीला. ओगले बंधूंच्या काच कारखान्यातून निघालेला ‘प्रभाकर’ कंदील आपल्या आजोबांच्या पिढीने घराघरांत वापरला. वसईच्या पाड्यांपासून विदर्भापर्यंत असे घर क्वचितच असेल, जिथे त्याच्या उजेडात कोणी अभ्यास केला नाही. काच पाठवायला रेल्वे हाताशी होती, म्हणून कारखाना तिथे.

पुढे शेणोली. ७ जून १९४३ रोजी येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने, जी. डी. बापू लाड आणि ‘कॅप्टन भाऊ’ रामचंद्र लाड यांच्या नेतृत्वाखाली, पुण्याहून मिरजेकडे रेल्वे कर्मचाऱ्यांचे पगार घेऊन जाणारी गाडी अडवली आणि पैसा ताब्यात घेतला. ही चोरी नव्हती, आपल्याच लोकांचा पैसा परत आणला, अशी त्या सैनिकांची अखेरपर्यंत धारणा होती. सातव्या आज्ञेच्या शिकवणीसाठी हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहावा. सेमिनरीतले आमचे नीतिशास्त्राचे वर्ग यावर दोन दिवस सहज चालले असते.

मग किर्लोस्करवाडी. पूर्वी हे स्थानक ‘कुंडल रोड’ होते. बेळगावात कारखाना चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना येथला निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० साली त्या माळावर नांगर बनू लागले. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले, आणि त्यांनी पहारा चोख ठेवला. विश्वास टाकला की माणूस उभा राहतो, हे ते करून दाखवत होते. आमच्यासारख्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांना या स्थानकाचे आणखी एक ऋण आहे : १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ येथूनच निघाली आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके आली. मराठी मध्यमवर्गाचे वाचन अनेक वर्षे या आडगावच्या टपालातून घडले.

सुमारे तीन तासांत मिरज येते. येथे मात्र उतरून निवांत फिरावे.

कॅथलिक कुटुंबांत मिरज हे नाव गोव्यामुळे ओळखीचे आहे. गोव्यातील पोर्तुगीज हद्दीतला लोहमार्ग १८८८ साली पूर्ण होऊन घाटावर या मार्गाला जोडला गेला, आणि मुरगाव ते पुणे अशी सलग वाट झाली. गोव्याचे कितीतरी लोक याच वाटेने मुंबई-पुण्याला आले. कोणी रेल्वेतच गार्ड, ड्रायव्हर, तारमास्तर झाले, आणि त्यांच्या वसाहतींत माळ-प्रार्थना घुमू लागली. पुणे धर्मप्रांत १८८६ मधला, म्हणजे हे रूळ पडत होते त्याच काळातला. विखुरलेल्या भाविकांपर्यंत पोहोचणाऱ्या धर्मगुरूला या गाडीचा किती आधार झाला असेल, याची कल्पना करता येते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला जाणारे आपले वडीलधारेही या वाटेने गेले आहेत. १९५५ ते १९६१ या काळात गोव्याची सीमा बंद होती, तेव्हा ती वाटही तुटली. १९७१ नंतर पुण्याकडून ब्रॉडगेजने येणाऱ्याला मिरजेला उतरून, डोक्यावर ट्रंक आणि कडेवर मूल घेऊन, समोरच्या मीटरगेजच्या गाडीत चढावे लागे. १९९० च्या दशकात तो मार्गही रुंद झाला, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर मुंबईहून गोव्याला जाणारा प्रवासी मिरज विसरला.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी शल्यविशारदाने १८९४ साली रुग्णालय उभारले. जंक्शन असल्यामुळे दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण गाडीने येत. आपल्या पंथाबाहेरच्या या ख्रिस्ती सेवकाचे नाव आपल्या पाठ्यक्रमांत अभावानेच आढळते, आणि ते मला खटकते. याच शहरात सतारीचे कारागीर आहेत. येथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले. ते सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्थानकावर उतरले, आणि त्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला.

मिरजेच्या स्थानकात एके काळी तीन रुंदींचे रूळ होते : ब्रॉडगेज, मीटरगेज, आणि अडीच फुटी नॅरोगेज. हा तिसरा बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू केलेली ती गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला आली. वारकऱ्यांनी तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या प्रवास केला. तिचे सारे रूळ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ब्रॉडगेज झाले. मिरज ते पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट मात्र तीच राहिली.

त्या वाटेवरून एप्रिल २०१६ मध्ये एक मालगाडी गेली. लातूर शहर पाण्यावाचून कासावीस झाले होते. कोटा येथून वाफेने स्वच्छ करून आणलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेला उभ्या केल्या आणि कृष्णेचे पाणी त्यांत भरले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. महाबळेश्वरहून मेढ्यावरून आलेले वेण्णेचे पाणी माहुलीलाच त्या कृष्णेत मिसळलेले असते. गाडीला लोकांनी ‘जलदूत’ म्हटले. १८८० च्या आयोगाला धान्य हवे होते. या खेपेला पाणी गेले, आणि ते विकत घ्यावे लागले नाही.

साताऱ्याकडे परतणारी गाडी संध्याकाळी मिळते. मिरजेहून निघण्यापूर्वी स्थानकाच्या पादचारी पुलावर चढून पूर्वेकडे पाहिले, तर पंढरपूरचे रूळ वेगळे होऊन माळाकडे वळताना दिसतात.