पायलट, दिवा आणि विरजण



थंडी पडली की आपल्या लोकांच्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात : ग्रीन कार्ड आणि न फुगलेलं इडलीचं पीठ. पहिल्याबाबत आपल्या हातात काही नाही, म्हणून दुसऱ्यावर लिहितो.

"ओव्हनमध्ये लाइट लावून ठेव" हा सल्ला इथे आल्यावर प्रत्येकाला कोणीतरी देतंच. पण त्याआधी लोक काय करत होते? थोडं खोदकाम केल्यावर असं दिसलं, की आपल्या विरजणाचा अमेरिकेतला इतिहास म्हणजे खरं तर वाया जाणाऱ्या उष्णतेचा इतिहास आहे.

सुरुवात गावाकडच्या चुलीपासून करू. चुलीला लागून वैल असायचा. जाळ मुख्य चुलीत, पण धग आतल्या आत वैलापर्यंत यायची. त्याला वेगळं लाकूड लागत नसे. दूध, आमटी तिथे कोमट राहायची आणि हिवाळ्यात विरजणाचं भांडंही चुलीच्याच आसपास उबेला ठेवलं जायचं. दुसऱ्या कामातून उरलेली धग वापरायची, हे साधं तत्त्व.

अमेरिकेत थंडीशी हा झगडा आपल्या आधीही लोकांनी केला आहे. १८९६ ते १८९९ या क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत खाणकामगार पावाचं आंबवण गोठू नये म्हणून अंगाशी बाळगत. त्यावरून अलास्का-युकॉनमधल्या जुन्या, मुरलेल्या माणसाला 'सावरडो' म्हणायची पद्धत पडली. फोर्टीनाइनर्सची मॅच बघताना दिसणारा सावरडो सॅम हा त्याच परंपरेतला !

आता आपल्याकडे वळू. ३ ऑक्टोबर १९६५ ला प्रेसिडेंट जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि भारतातून डॉक्टर, इंजिनियर येण्याचा रस्ता मोकळा झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावी, कॉर्नेलच्या कृषी संशोधन केंद्रातल्या मुखर्जी, ऑल्बरी, पेडरसन, व्हान व्हेन आणि स्टाइनक्राउस यांचा इडलीच्या पिठावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पीठ फुगवणारा मुख्य जिवाणू ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस, असं त्यांनी दाखवलं. यातले पेडरसन सावरक्राउट, म्हणजे आंबवलेल्या कोबीवरच्या कामासाठी नावाजलेले. त्या कोबीची सुरुवातही हाच जिवाणू करतो ! फरक तापमानाचा. कोबीला साधारण १८ अंश सेल्सियस पुरतं, इडलीच्या पिठाला ३० च्या आसपास लागतं. दह्याचे जिवाणू वेगळे, त्यांना ४२-४३ हवं.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढे कार्टरसाहेब येतात. तेलसंकटानंतर, २ फेब्रुवारी १९७७ ला लोकरी स्वेटर घालून ते टीव्हीवर आले आणि थर्मोस्टॅट दिवसा ६५, रात्री ५५ फॅरनहाइटवर ठेवा असं म्हणाले. म्हणजे १८ आणि १३ सेल्सियस. कोबी खूश, इडली संपावर !

पण त्या पिढीकडे एक गोष्ट होती जी आपल्याकडे नाही : पायलट. जुन्या गॅस ओव्हनमध्ये एक छोटी ज्योत रात्रंदिवस जळत असे, ओव्हन बंद असला तरी. आमच्या भागातल्या, सत्तरच्या दशकात आलेल्या एका काकूंना मी विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "अरे, आम्हाला कुठे काय करावं लागायचं? भांडं आत सारायचं आणि झोपायचं." हिशोब करून बघितला. ओव्हनचा पायलट तासाला साधारण दीड-दोनशे बीटीयू खातो, म्हणजे पन्नास वॅटच्या आसपास. न मागता मिळालेला अमेरिकन वैलच तो.

ऊर्जाबचतवाल्यांच्या दृष्टीने मात्र हाच पायलट खलनायक. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने १ जानेवारी १९९० पासून, विजेची वायर असलेल्या नव्या गॅस ओव्हनमध्ये सतत जळणाऱ्या पायलटवर बंदी आली. बिनवायरच्या ओव्हनचा पायलट ९ एप्रिल २०१२ पासून गेला. आणि योगायोग बघा, ज्या १९९० साली पायलट जायला लागला त्याच साली नव्या इमिग्रेशन कायद्याने एच-वन-बी आणला. आपली आयटीवाली मंडळी आली ती पायलट नसलेल्या स्वयंपाकघरात.

मग आला दिवा. ओव्हनचा ४० वॅटचा साधा बल्ब म्हणजे प्रकाशाच्या नावाखाली मुख्यतः उष्णताच, आणि ओव्हनच्या भिंती उष्णतारोधक. ज्याने कोणी पहिल्यांदा पीठ आत ठेवून दिवा लावला त्याला, बहुधा तिला, नकळत पायलटएवढीच शक्ती सापडली. २००७ च्या कायद्याने जुने बल्ब हळूहळू बाजारातून गेले, पण ओव्हनसारख्या उपकरणांच्या बल्बला सूट मिळाली. म्हणून हा उपाय अजून टिकून आहे. नव्या ओव्हनमध्ये एलईडी असेल तर मात्र आशा सोडा.

तिसरा टप्पा २०१० चा. कॅनडातल्या ओटाव्याच्या रॉबर्ट वांग या संगणकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाने इन्स्टंट पॉट आणला. नंतरच्या मॉडेलांत दह्याचं बटण आलं. त्यातलं 'लेस' सेटिंग ज्यूनियांग या चिनी आंबवलेल्या भातासाठी ठेवलेलं, साधारण ३३ अंशांचं. इडलीच्या पिठालाही ते चालतं.

आता कोणी म्हणेल, जुनं ते सोनं. मला तसं वाटत नाही. पायलट उन्हाळ्यातही जळायचा. पन्नास वॅट धरले तर वर्षाला ४३८ युनिट. आठवड्यातून दोनदा बारा तास दिवा लावला तर वर्षाचे जेमतेम ५०. कायदा योग्यच होता. फक्त जी ऊब आपोआप मिळत होती ती आता ठरवून निर्माण करावी लागते, एवढाच बदल.

पण एक गोष्ट खटकते. पायलटने किती गॅस जाळला याच्या नोंदी सरकारदरबारी आहेत. त्या ज्योतीवर मिनेसोटाच्या किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात ज्या बायकांनी दही लावलं, आंबोळ्यांचं पीठ फुगवलं आणि ती युक्ती नव्याने आलेल्या मुलींना फोनवर सांगितली, त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. ती पिढी आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहे.

तेव्हा विनंती अशी. तुमच्या ओळखीत असे कोणी काका-काकू असतील तर फोन करा. कुठलं गाव, कुठला ओव्हन, विरजण कुठून आणलं, हे विचारून चार ओळी लिहून ठेवा. आणि हो, आज रात्री पीठ ओव्हनमध्ये ठेवणार असाल तर नॉबवर कागद चिकटवा, नाहीतर सकाळी घरातलं कोणीतरी टोस्टसाठी ओव्हन तापवेल !

चू. भू. द्या. घ्या.