यथादर्शन : शालेय चित्रकलेतील खोलीचे चित्रण

त्रिमितीय वस्तू किंवा अवकाश एका निश्चित ठिकाणाहून जसा दिसतो तसा सपाट पृष्ठावर रेखाटण्याच्या पद्धतीस यथादर्शन किंवा यथार्थदर्शन म्हणतात. शालेय चित्रकलेत या पद्धतीचा परिचय प्रायः खोलीच्या चित्राने करून दिला जातो. खोलीला जमीन, छत व भिंती अशा परस्परांना काटकोनात मिळणाऱ्या सहा बाजू असतात आणि पाहणारा तिच्या आतच बसलेला असतो. त्यामुळे यथादर्शनाचे बहुतेक नियम तिच्यात एकत्र पडताळून पाहता येतात. रस्ता, लोहमार्ग किंवा झाडांची रांग यांच्या चित्रांत एखादाच नियम दिसतो. खोलीत मात्र विद्यार्थ्याला आपल्या डाव्या-उजव्या बाजूंचा, वरचा-खालचा आणि समोरचा असा सर्व अवकाश एकाच वेळी जुळवावा लागतो.

या चित्रणातील मूलभूत कल्पना थोड्या आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर कल्पिलेल्या आडव्या रेषेस क्षितिजरेषा म्हणतात. पाहणाऱ्यापासून दूर धावणाऱ्या समांतर कडा चित्रात एकमेकींकडे झुकत जाऊन ज्या बिंदूत मिळतात तो लोपबिंदू होय. जमिनीला समांतर असलेल्या कडांचे लोपबिंदू क्षितिजरेषेवरच येतात. समोरची भिंत कागदाला समांतर धरली, तर तिचा आयत आयतच राहतो आणि बाजूच्या भिंतींच्या कडा एकाच लोपबिंदूकडे जातात. डोळ्याच्या वरच्या कडा खाली उतरतात, खालच्या कडा वर चढतात. खोलीचा कोपरा समोर घेतला, तर दोन्ही बाजूंना एकेक असे दोन लोपबिंदू लागतात. जमिनीची खोली विभागण्यासाठी तिच्या चित्रातील चौकोनाचे कर्ण काढतात. ते जेथे छेदतात तेथून समोरच्या भिंतीला समांतर रेषा काढली की जमिनीचा मध्य मिळतो. पुढचा अर्धा भाग तेव्हा मागच्यापेक्षा मोठा दिसतो, आणि फूटपट्टीने मोजून मध्य काढलेल्या मुलाची चूक तेथेच उघडी पडते.

उघड्या दाराचा सराव याहून बोधप्रद असतो. समोरच्या भिंतीतील दार जसजसे उघडत जाते तसतसा त्याच्या वरच्या व खालच्या कडांचा लोपबिंदू क्षितिजरेषेवरून सरकत जातो, आणि दार भिंतीशी काटकोनात आले की तो खोलीच्या मुख्य लोपबिंदूत येऊन मिळतो. हे एकदा ध्यानात आलेला विद्यार्थी लोपबिंदू ही कागदावर टोचलेली खूण न मानता दिशांशी निगडित अशी गोष्ट मानू लागतो.

नियमांपेक्षा कठीण भाग निराळाच आहे. टेबलाचा वरचा भाग आयताकृती आहे, खोलीचे कोपरे काटकोनी आहेत, समोरची खिडकी व जवळची खिडकी सारख्याच मापाच्या आहेत हे मुलाला ठाऊक असते, व जे ठाऊक आहे तेच ते काढते. यथादर्शनात हे ज्ञान बाजूला ठेवून एका जागी स्थिर राहिलेल्या डोळ्यास जे दिसते त्यावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून या पद्धतीची पहिली अट म्हणजे पाहणाऱ्याची स्वतःची जागा. महाराष्ट्रात ही विद्या रुजली तिच्या इतिहासात ही अट कोठे पाळली गेली व कोठे सुटली, हा प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो.

प्राचीन भारतीय चित्रविचाराला दृश्य लहानमोठे होण्याचे भान नव्हते असे नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात नऊ स्थाने आणि क्षय-वृद्धी यांचे विवेचन आहे. मात्र ते मुख्यतः मानवाकृतीच्या निरनिराळ्या बाजूंविषयी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत राजवाड्यांची दालने विपुल आहेत. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या किंवा सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या प्रसंगांत सडपातळ खांबांचे मंडप दिसतात. त्यांची दर्शनी बाजू व आतील भाग एकत्र दाखविलेले असून प्रत्येक वास्तूच्या कडा आपापल्या दिशेने जातात. प्रेक्षक एका जागी उभा नसून कथेबरोबर भिंतीलगत चालत जातो, असे तेथे गृहीत धरलेले आहे. सतत पुढे सरकणाऱ्या कथेसाठी हीच योजना सोयीची होती. तिला यथादर्शनाच्या अज्ञानाचा पुरावा मानणे योग्य नव्हे.

युरोपात रेखीय यथादर्शनाची पद्धत पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स येथे सिद्ध झाली. ब्रुनेलेस्की याने तिचे प्रात्यक्षिक दाखविले आणि आल्बेर्ती याने १४३५ च्या सुमारास चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात तिची रीत लिहून ठेवली. चौकोनी फरशांची जमीन हा आल्बेर्तीच्या रीतीचा पाया होता, आणि पुढील पाठ्यपुस्तकांतील खोलीलाही बहुधा अशीच फरशी असते. १५८० मध्ये अकबराच्या दरबारी आलेल्या जेझुइट पाद्र्यांबरोबर युरोपीय चित्रे उत्तर भारतात पोहोचली व मोगल चित्रकारांनी त्यांतील काही युक्त्या उचलल्या. पण क्रमवार शिक्षण असे नव्हते.

मराठी मुलखात असे शिक्षण प्रथम पेशवाईच्या अखेरीस पुण्यात मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने तेथे चित्रकला शिकविण्याची सोय झाली. १७९१ मध्ये भारतात आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स हा तेथील मार्गदर्शक होता. त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची चित्रे रंगविली. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी गंगाराम तांबट याचे नाव व काम टिकून आहे. मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. खडकात कोरलेले दालन, त्यातील खांबांच्या रांगा आणि आत दाटत जाणारा अंधार हा यथादर्शनाच्या दृष्टीने अवघड विषय होय. गंगारामच्या रेखाटनांत कोठेकोठे कडा एकाच बिंदूकडे नीट जात नाहीत. पण ती लेण्यासमोर बसून केलेली आहेत आणि त्यांत पाहणाऱ्याची जागा जाणवते. दोन शतकांनंतरही त्यांचे मोल त्यामुळेच आहे. वेल्स १७९५ मध्ये मरण पावला व हा उपक्रम पुढे चालला नाही. त्याची वेरूळची चित्रे टॉमस डॅन्येल याने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली.

याच डॅन्येलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले पेशव्यांच्या दरबाराचे चित्र हे मराठी इतिहासातील दालनाचे सर्वांत प्रसिद्ध यथादर्शन-चित्र म्हणता येईल. १७९० च्या तहप्रसंगी मॅलेट दरबारात बसलेला असून टोकाला गणपतीची भव्य मूर्ती आणि दोन्ही बाजूंना नक्षीदार खांब व कमानी, अशी त्याची रचना आहे. तहाच्या वर्षी वेल्स भारतात आलेलाही नव्हता आणि डॅन्येलने चित्र रंगविले ते वेल्सने मागाहून केलेल्या अभ्यासचित्रांच्या आधारे, इंग्लंडमध्ये. म्हणजे प्रसंग कोणाचा, पाहिले कोणी व रंगविले कोणी, यांत तीन निरनिराळे डोळे आहेत. तरीही त्याचे महत्त्व कमी होत नाही. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. आतील लाकडी दालनांपैकी काही उरले नाही. पेशव्यांचा गणेशमहाल कसा असावा याची कल्पना करताना आजही या चित्राकडेच वळावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शिक्षण संस्थाबद्ध झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. कारागिरांना सुधारित आलेखन शिकविणे हा मूळ हेतू होता. पुढे सरकारी बांधकामांसाठी आरेखक हवे असल्याने भूमिती व यथादर्शन यांना अधिक महत्त्व आले. अभ्यासक्रमाचा साचा लंडनमधील साउथ केन्सिंग्टनचा होता. हेन्री कोल व रिचर्ड रेड्ग्रेव्ह यांनी तेथे चित्रकलेचे शिक्षण क्रमवार पायऱ्यांत बसविले होते; साधनांच्या साहाय्याने काढावयाचे रेखीय यथादर्शन त्यात पहिल्या टप्प्यातच येई. विद्यार्थी आधी छापील नमुने, मग घनाकृती आणि मग प्रत्यक्ष वस्तू अशा क्रमाने जाई. क्रम तर्कशुद्ध होता. पण नमुन्यापाशी अडकलेल्याला प्रत्यक्ष वस्तू कधीच भेटत नसे.

याच संस्थेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या वर्गात ज्या मुलांना एकाच लोपबिंदूची शिस्त लावली जाई, तीच मुले अजिंठ्यास अनेक दिशांनी पाहिलेली दालने रेषेस रेष लावून उतरवून घेत होती. दोन्ही दालने आपापल्या परीने निर्दोष आहेत, याचा विचार वर्गात पुढे फारसा झाला नाही. या संस्थेतून तयार झालेल्या म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांत मात्र वाड्यांचे चौक, दिवाणखाने व त्यांतील माणसे सहजपणे एका अवकाशात नांदतात. यथादर्शन तेथे दिसून येत नाही इतके मुरलेले आहे.

सामान्य प्रेक्षकाला अशा दालनाची ओळख चित्रांपेक्षा नाटकाच्या पडद्यांनी अधिक झाली. आनंदराव व बाबुराव पेंटर या कोल्हापूरच्या बंधूंनी रंगविलेले राजवाड्यांचे व महालांचे पडदे नावाजले गेले. हे पडदे मधल्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यासाठी रेखाटलेले असत. कडेला बसलेल्याला महाल थोडा कललेला दिसे.

शाळांमध्ये हा विषय दूरवर नेला तो चित्रकलेच्या सरकारी श्रेणी परीक्षांनी व त्यांसाठी तयार झालेल्या चित्रकला-शिक्षकांनी. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाकडे पुढे या परीक्षा आल्या. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे विभाग रूढ झाले. परिणामी यथादर्शन विभागले गेले : भूमितीच्या कागदावर गुण्ये आणि कंपासपेटी, तर स्मरणचित्रात ‘स्वयंपाकघर’ किंवा ‘वर्गखोली’ यांसारखा विषय, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडणे शिक्षकाच्या मर्जीवर. खेडोपाडी शिकविणाऱ्या अनेक शिक्षकांनी तो जोडला, हे मान्य केले पाहिजे.

हिंगोली जिल्ह्याच्या प्रदेशात ही परंपरा उशिरा आली, याचे कारण राजकीय आहे. हा भाग हैदराबाद संस्थानात मोडत असे. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते, आणि मुंबई इलाख्याची शिक्षणव्यवस्था येथे लागू नव्हती. अजिंठा व वेरूळ याच संस्थानात होती. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे ग्रंथही काढले. पण त्या चित्रांचे शिक्षण घेणारे वर्ग मुंबईत आणि चित्रे येथे, अशी ही विभागणी दीर्घकाळ राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर मुंबईच्या परीक्षांचा मार्ग येथील शाळांना मोकळा झाला. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला.

पाठ्यपुस्तकातील खोली आणि येथील घर यांत मात्र अंतर होते. पुस्तकात फरशी, टेबल, खुर्ची व पडदे लावलेली खिडकी असे. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात शेणाने सारवलेली जमीन असते व तिच्यावर एकही रेघ नसते. भिंती जाड मातीच्या, खिडकी असल्यास लहान, आणि सामान कोनाड्यात किंवा फडताळात. जमिनीवर रेघा नाहीत म्हणून यथादर्शन शिकविता येत नाही असे मात्र नाही, कारण या घरातील सर्व रेषा डोक्यावर असतात. तुळयांवर ओळीने मांडलेल्या लाकडी कड्या समोरच्या दिशेने धावत असतील, तर त्या सरळ लोपबिंदूकडे उतरतात. आडव्या असतील, तर एकमेकींना समांतर राहून त्यांच्यातील अंतर मागे मागे आक्रसत जाते. दोन्ही नियम छताकडे पाहूनच समजतात. पुढे शहाबादी फरशी घरोघर आली आणि पुस्तकातील जमीन प्रत्यक्षात उपलब्ध झाली. औंढा नागनाथ येथील यादवकालीन मंदिराच्या मंडपातील सारख्या उंचीचे नक्षीदार खांबही हाच धडा दगडात दाखवितात.

दृष्टिपातळीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पुस्तकातील खोली उभ्या राहिलेल्या प्रौढ माणसाच्या डोळ्याने काढलेली असते. तीत टेबलाचा वरचा भाग स्पष्ट दिसतो. ज्या शाळांत बाके नव्हती तेथे मुले पट्ट्यांवर, जमिनीवर बसत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा डोळा तेव्हा जमिनीपासून साठ-सत्तर सेंटीमीटरच्या आसपास येतो, आणि शिक्षकाचे टेबल त्याहून थोडे उंचच असते. त्या मुलाला टेबलाचा वरचा भाग दिसतच नाही; दिसते ती त्याची पुढची कड आणि खालची फळी. पुस्तकाप्रमाणे वरचा भाग काढणारे मूल नियम बरोबर पाळूनही स्वतः न पाहिलेली खोली काढीत असते, तर फक्त कड काढणाऱ्याचे चित्र ‘अपूर्ण’ म्हणून परत येण्याचा संभव असतो. काही शिक्षक यावर साधा उपाय योजीत. ते मुलांना एक चित्र बसून व तेच चित्र उभे राहून काढावयास लावीत आणि दोन्ही कागद शेजारी ठेवीत. दुसऱ्या कागदावर क्षितिजरेषा वर सरकलेली असे, टेबलाचा वरचा भाग उघडा पडलेला असे, आणि छताच्या कड्या पहिल्यापेक्षा कमी उताराने खाली येत.