लग्नाचा मंडप, जेवणाचा ठेका आणि न्यायाची वाट

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या आजी-पणजींच्याही तोंडी असे. त्यांच्या काळी तिचा अर्थ कष्ट आणि खर्च एवढाच होता. आता त्यात तंट्याची भर पडली आहे. तारीख बदलली म्हणून हॉलवाल्याने विसार बुडवला. दोनशे ताटांचे पैसे घेतले आणि दीडशे पाहुण्यांतच पातेली रिकामी झाली. ठरलेले एक आणि वाढलेले दुसरे. किंवा उलट, यजमानाने दोनशे सांगून अडीचशे माणसे आणली आणि वरच्या पन्नासांचे पैसे देण्यास नकार दिला. अशा कहाण्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत.

बेने इस्राएल समाजात या तंट्यांना आणखी एक धार आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. इथे उरलेलो आपण मोजके. केटरर ओळखीचा, बहुधा कुणाचा तरी मेव्हणा किंवा मामेभाऊ. सोमवारी भांडण झाले तरी शनिवारी सकाळी एकाच सिनेगॉगमध्ये शेजारी उभे राहायचे. त्यामुळे लोक एकतर मुकाट्याने नुकसान सोसतात, नाहीतर कायमचे बोलणे सोडतात. या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे, आणि ती आपल्याच परंपरेत आहे, हे या लेखात दाखवायचे आहे.

कोकणातील पद्धत

नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवून आणि शेती करून राहत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्या काळच्या लग्नात गिऱ्हाईक नव्हते आणि विक्रेताही नव्हता. मंडप अंगणात पडे, तो भावकी आणि शेजारी घालीत. मोठी भांडी गावात ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून येत. तांदूळ निवडणे, नारळ खवणे, पुऱ्या लाटणे हे काम नात्यातल्या बायका करीत. पैसे देऊन बोलवावयाचे ते मुख्यतः वाजंत्री, आणि त्यांच्याशी ठराव होई तो सुपारी देऊन. सुपारी दिली की शब्द पक्का. आज ‘विसार’ हे जे काम करतो तेच त्या वेळी सुपारी करीत असे. फरक एवढाच की ती चार माणसांच्या देखत दिली जाई.

तेव्हाही तंटे होत, पण ते बहुधा मानापानाचे. मिटविण्यासाठी काझी असत. झिराडकर, राजपुरकर आणि शापुरकर या तीन घराण्यांकडे हे काम परंपरेने होते. काझी लग्न लावी, आणि तंटा पडला तर निवाडाही करी. पुढे मुंबईत मुकादम, चौगुला, गब्बाय, हाजान आणि समाश असे जमातीचे मानकरी आले. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि त्यांच्या पश्चात १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या इतिहासात हे मानकरी व आपल्या लग्नाचे विधी यांचे सविस्तर वर्णन आहे.

या पद्धतीत एक मोठा गुण होता. निवाडा करणारा दोन्ही घरे ओळखत असे, आणि तंटा महिनोन्महिने लोंबकळत राहत नसे. दोषही होता. ज्याचे घर मोठे त्याचे पारडे जड होण्याचा धोका होता, आणि ठरले काय होते हे साक्षीदारांच्या आठवणीखेरीज कुठेही नसे. गावात हे चालून जाई, कारण तिथला रिवाज प्रत्येकाला ठाऊक होता.

मुंबईत आल्यावर

अठराव्या शतकाच्या मध्यापासून आपली माणसे मुंबईत येऊ लागली. १७९६ मध्ये सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी मांडवी भागात शाआर हाराहामीम, म्हणजे आपली ‘जुनी मशीद’, बांधली. पलटणीत, सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत आणि गिरण्यांत नोकऱ्या मिळाल्या. खोली चाळीतली, म्हणजे अंगण गेले. अंगणाबरोबर अंगणातला मंडपही गेला. काही लग्ने सिनेगॉगच्या आवारात होत, काही गल्लीत मंडप घालून. पुढे जागा भाड्याची, आचारी पगारी आणि वाढपीही भाड्याचे झाले.

इथेच यजमानाचे ‘गिऱ्हाईक’ झाले. पण मन मात्र गावचेच राहिले. ठराव तोंडी, विसार रोख, पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपण समजत आलो. व्यवहार शहरी आणि रीत गावाची, या विसंगतीतच आजच्या बहुतेक तंट्यांचे मूळ आहे.

मिश्ना आणि तालमूद काय सांगतात

हा प्रश्न नवा नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्नातील ‘बाबा मेसिया’ या भागाच्या सहाव्या अध्यायात वधूसाठी पालखीचे सामान आणि बासऱ्या आणण्याचे भाडे ठरवलेल्या माणसांचा दाखला आहे. त्यांनी आयत्या वेळी अंग काढून घेतले आणि दुसरे कोणी मिळण्यासारखे नसले, तर यजमानाने त्यांच्या खर्चाने दुसरा माणूस लावावा किंवा जास्त पैशांची आशा दाखवून त्यांच्याकडून काम करवून घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. लग्नाची वेळ टळली तर ती परत येत नाही, म्हणून ही सवलत. त्याच अध्यायात पुढे सर्वसाधारण नियम येतो: जो ठरलेले बदलतो किंवा ठरावातून मागे फिरतो, त्याची बाजू खालची. हा नियम मालक आणि गिऱ्हाईक दोघांनाही सारखाच लागू आहे.

सातव्या अध्यायातील गोष्ट तर जणू केटररसाठीच लिहिली आहे. रब्बी योहानान बेन मात्या यांच्या मुलाने मजूर ठरवले आणि त्यांना जेवण देण्याचे कबूल केले. बाप म्हणाला, “अरे, तू त्यांना शलोमो राजाची मेजवानी घातलीस तरी तुझे देणे फिटणार नाही, कारण ती अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांची लेकरे आहेत. काम सुरू होण्यापूर्वी जाऊन सांग, की फक्त भाकरी आणि कडधान्य मिळेल.” आपल्या भाषेत सांगायचे तर भाकरी आणि बिरडे! यावर रब्बान शिमोन बेन गमलिएल म्हणतात की सांगण्याची गरज नाही. सर्व काही त्या गावच्या रिवाजाप्रमाणे. कोकणात रब्बान शिमोनांचे म्हणणे पुरेसे होते, कारण रिवाज एकच होता. मुंबई-ठाण्यात शंभर रिवाज एकत्र नांदतात. तिथे रब्बी योहानान यांचा सल्लाच कामाचा: आधी सांगा.

तिसरा दाखला बाबेलच्या तालमुदातील ‘केथुबोथ’ या भागाचा आहे. लग्नाची भाकरी भाजून झाली, जनावर कापले गेले, द्राक्षारस मिसळून ठेवला, आणि वराचा बाप किंवा वधूची आई वारली. तर काय करावे? आधी लग्न लावावे, मग दफन. सात दिवस मेजवानीचे आणि त्यानंतर सात दिवस सुतकाचे. ज्यांनी ही तयारी केली असती तेच माणूस गेले. आता ती वाया गेली तर पुन्हा कोण करणार? म्हणून ही सवलत. पण रब्बी पुढे विचारतात, तयारी खरोखरच वाया जाणार आहे का? मांसावर पाणी घातले नसेल तर ते विकता येते. मोठ्या शहरात पाणी घातलेलेही विकले जाते. खेड्यात मात्र न घातलेलेही विकले जात नाही. म्हणजे नुकसान गृहीत धरू नये; त्या ठिकाणी, त्या वेळी ती वस्तू दुसऱ्याला देता आली असती काय, हे पाहावे.

देशाचा कायदा

नेमका हाच प्रश्न आपल्या देशाचा कायदाही विचारतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मौला बक्ष यांच्या खटल्यात याचा खुलासा केला. १९४७ मध्ये त्यांनी लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरविण्याचे ठेके घेतले होते. पुरवठा चुकला म्हणून सरकारने १८,५०० रुपयांची अनामत जप्त केली. न्यायालयाने म्हटले की माल दुसरीकडून घेताना किती नुकसान झाले हे दाखविता येण्यासारखे होते; ते न दाखविता अनामत गिळता येत नाही.

हाच नियम हॉलला लावून पाहा. आपण रद्द केलेल्या तारखेला हॉल दुसऱ्याला दिला गेला, तर मालकाचे नुकसान नाममात्र. पूर्ण विसार ठेवण्याचा त्याला हक्क नाही. इथे आपल्या पंचांगाचा संबंध येतो. आपण ओमेरच्या दिवसांत लग्ने टाळतो, नेमके तेव्हा, एप्रिल-मे महिन्यांत, इतरांची लग्नसराई जोरात असते. उलट सिम्हाथ तोरापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपली लग्ने होतात आणि इतरांचे मुहूर्त नसतात. लग्नसराईतील तारीख सोडली तर ती लगेच उचलली जाते. ते तालमुदातले ‘शहर’. चातुर्मासातील तारीख सोडली तर ती रिकामीच राहते; ते ‘खेडे’. पहिल्या वेळी विसार परत मागणे न्याय्य, दुसऱ्या वेळी मालकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे.

जेवणाचेही तसेच. समजा २०० ताटे, दर ७०० रुपये, एकूण १,४०,००० रुपये आणि विसार ५०,००० रुपये. महिनाभर आधी रद्द केले तर आचाऱ्याने अजून काही घेतलेले नसते. आदल्या दिवशी रद्द केले तर मटण आलेले असते आणि माणसे ठरलेली असतात. दोन्ही वेळी सारखाच विसार जप्त करणे न्यायाला धरून नाही.

१९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि सामान्य माणसाला जवळचे दार मिळाले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडपवाल्यांवरील सेवा कर वैध ठरविला. मंडपवाला नुसती जागा देत नाही, तो सेवा देतो, हे त्यात मान्य झाले. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा अमलात आला. आता आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दोन्ही पक्ष राजी असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. म्हणजे काझीची बैठकच, पण लेखी आणि बंधनकारक.

त्याच सुमारास महामारी आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. तीनशे माणसांसाठी घेतलेला हॉल कशाला हवा? करार पाळणे अशक्य झाले तर तो रद्द होतो आणि घेतलेला लाभ परत करावा लागतो, हे १८७२ च्याच कायद्यात कलम ५६ आणि ६५ मध्ये आहे. तरी कित्येकांना आपला विसार मागण्यासाठी ग्राहक आयोगांपर्यंत जावे लागले. ज्यांच्याकडे पावती होती त्यांचे काम सोपे झाले.

आपल्यासाठी विशेष

आपल्या लग्नात एक गोष्ट पैशांत मोजता येत नाही, ती म्हणजे कोशेर. बाहेरचा आचारी चांगल्या भावनेने मटणाला दही चोळतो आणि बिर्याणीवर तूप सोडतो. त्याच्या दृष्टीने पदार्थ उत्तम. आपल्या दृष्टीने तो पानात घेण्यासारखाच नाही. आपण नारळाचे दूध वापरतो ते याचसाठी. तेव्हा ‘बेने इस्राएल पद्धतीचे जेवण’ एवढे म्हणून भागत नाही. मांस कोणाच्या हातचे, मटणाच्या जेवणात दूध, दही, तूप, लोणी नाही, मासा खवल्यांचाच, भांडी कोणती, हे शब्दांत लिहिले पाहिजे. लिहिलेले मोडले तर तो सेवेतील दोष ठरतो. न लिहिलेले मोडले तर तो गैरसमज ठरतो.

ठरावाच्या कागदावर याखेरीज पाच गोष्टी असाव्यात: तारीख आणि वेळ, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किमान ताटे किती, आणि वाढली तर दर काय, पदार्थांची यादी, विसार किती आणि किती दिवस आधी रद्द केल्यास किती परत, आणि तंटा पडल्यास आधी कोणाकडे जायचे. जेवण कमी पडले तर त्याच वेळी, दोन साक्षीदारांसमोर, वापरलेली ताटे मोजून कागदावर व्यवस्थापकाची सही घ्यावी. केटररनेही तेच करावे, म्हणजे यजमानाने जास्त माणसे आणल्यास त्याचा हक्क बुडणार नाही.

कोणी म्हणेल, मंगलकार्यात कागद कशाला? त्यांना केथुबाची आठवण द्यावीशी वाटते. आपल्या लग्नातील सर्वांत पवित्र क्षणी आपण काय वाचतो? एक करार. वराने वधूचे काय देणे लागते, हे साक्षीदारांच्या सह्यांनिशी, सर्वांच्या देखत मोठ्याने वाचले जाते. त्यात कुणाला अविश्वास दिसत नाही, उलट वधूचा मान दिसतो. पतिपत्नीच्या नात्यात कागद चालतो, तर हॉलवाल्याशी आणि केटररशी तो का चालू नये?

प्रत्येक सिनेगॉगच्या व्यवस्थापक मंडळाने असा एक नमुना मराठीत तयार करून ठेवावा, आणि लग्नाची तारीख नोंदवायला येणाऱ्या कुटुंबाच्या हाती द्यावा. दोन-तीन जाणत्या माणसांची, त्यात एक तरी बाई असावी, मध्यस्थ म्हणून नावे ठरवावीत. आधी त्यांच्यापुढे बसावे. जमले नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहेच, आणि तिथे जाणे म्हणजे समाजाशी वैर नव्हे. काझींचे आपुलकीचे बोलणे आणि केथुबाचा लेखी शब्द, हे दोन्ही आपल्याच घरचे आहे. ते एकत्र आणले, तर लग्न झाल्यावर आठवण उरेल ती मेजवानीचीच.