सोळा जागांचा वाद

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य उमेदवारांसाठी वेगळ्या ठेवल्या जात. १९७३ व १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षे प्रवेश नाकारला गेलेला ॲलन बॅकी हा गौरवर्णीय अभियंता न्यायालयात गेला, आणि १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश देवविला. ठराविक जागा राखणे अवैध ठरले. भारतात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अशा तरतुदीला जो आधार दिला, तसा तिकडे नव्हता. तथापि अनेक गुणांपैकी एक म्हणून वंशाचा विचार करण्यास न्यायमूर्ती पॉवेल यांनी मुभा ठेवली. कारण कोणते? तर वर्गात नाना प्रकारचे विद्यार्थी असल्याने सर्वांचेच शिक्षण समृद्ध होते! गुलामगिरीच्या परिमार्जनाचा मुद्दा अशा रीतीने मागे पडला, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा प्रवेश इतरांच्या लाभावर तोलला जाऊ लागला. पुढील सारा वाद या कमकुवत पायावर उभा राहिला.

प्रवेश मिळालेल्यांचे पुढे काय झाले? प्रिन्स्टन व हार्वर्डचे माजी अध्यक्ष बोवेन आणि बोक यांनी १९९८ साली २८ नामांकित संस्थांतील ८०,००० हून अधिक विद्यार्थ्यांचा मागोवा प्रसिद्ध केला. सारख्याच गुणांचे कृष्णवर्णीय विद्यार्थी अधिक निवडक संस्थेत गेले, तर पदवी पूर्ण करण्याचे त्यांचे प्रमाण वाढलेलेच दिसले. याउलट विधिशिक्षणाविषयी रिचर्ड सँडर यांनी २००४ साली असा सिद्धांत मांडला की, तयारीहून वरच्या संस्थेत बसविलेला विद्यार्थी मागे पडतो आणि सवलतीने त्याचे नुकसानच होते. त्यांच्या गणितावर पुष्कळ आक्षेप आले. पण सिद्धांत ऐकण्यास सोपा, म्हणून टिकला.

त्याची कसोटी कॅलिफोर्नियातच लागली. १९९६ च्या सार्वमताने तेथील सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई झाली व १९९८ पासून ती प्रवेशांस लागू झाली. सँडर यांचे म्हणणे खरे असते, तर खालच्या पायरीवरील संस्थांत गेलेले हे विद्यार्थी अधिक यशस्वी व्हावयास हवे होते. अर्थशास्त्रज्ञ झॅकरी ब्लीमर यांच्या २०२२ च्या अभ्यासात उलटेच आढळले. पदव्यांचे प्रमाण घटले. वयाच्या २४ ते ३४ वर्षांतील वार्षिक कमाई सरासरीने सुमारे ५ टक्क्यांनी उतरली. आणि पात्र असूनही हजारोंनी त्या विद्यापीठाकडे अर्जच केला नाही. दार बंद झाल्याची वार्ता दारापेक्षा दूरवर पोचते, ती अशी.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यांत वंशाधारित निवड घटनाबाह्य ठरविली. ब्लीमर यांचे आकडे तोवर प्रसिद्ध होऊन वर्ष उलटले होते. निकाल मात्र घटनेतील समान संरक्षणाच्या कलमावर लागला.