वर्षाला 5 डॉलर

सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सिस्टम उभी करायला पैसे मिळतात, पण ती चालवायला मागितले की सगळे छताकडे बघतात! हॉस्पिटलांचंही तेच. म्हणून कॅनडातल्या सॅस्काचेवान प्रांताची ही गोष्ट.

मैलोनमैल गव्हाची शेतं आणि विरळ वस्ती. अशा ठिकाणी डॉक्टर टिकणार कसा? 1914 मध्ये सार्निया नावाच्या ग्रामीण म्युनिसिपालिटीने सरळ वर्षाला 1500 डॉलर देऊन डॉक्टर ठेवला. 1916 साली कायदाच झाला: शेजारच्या गावांनी एकत्र येऊन 'युनियन हॉस्पिटल' बांधायचं आणि जमिनीवर कर लावून ते चालवायचं. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखं म्हणा ना. (तुलना चपखल नाही. तिथे भागभांडवल, इथे कर. पण जातकुळी तीच.)

मग 1930 चं दशक आलं. पाऊस नाही, गव्हाला भाव नाही. शेतकऱ्याकडेच दमडी नाही तर कर कोण भरणार? गोम इथेच आहे. गट लहान असला की सगळे भागीदार एकदमच बुडतात, जोखीम वाटली जातच नाही. गट मोठा हवा, निदान प्रांताएवढा तरी.

ते केलं टॉमी डग्लसने. लहानपणी हाडाच्या दुखण्यात त्याचा पाय जायचा, पण एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवायची केस म्हणून फुकट उपचार केले आणि पाय वाचला. निव्वळ नशीब! हे नशिबावर सोडायचं नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. 1944 ला तो प्रीमियर झाला आणि आरोग्यखातं त्याने स्वतःकडेच ठेवलं. 1 जानेवारी 1947 पासून माणशी वर्षाला 5 डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त 30. एवढं भरलं की हॉस्पिटलच्या बिलाची चिंता मिटली. खर्च अर्थातच त्यात भागत नव्हता, उरलेलं ओझं प्रांताच्या तिजोरीवर. 1957 मध्ये केंद्राने साधारण निम्मा वाटा उचलायचा कायदा केला. (1962 ला डॉक्टरांच्या फीची योजना आली तेव्हा डॉक्टर 23 दिवस संपावर होते. तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

आणि 1993 ला? डग्लसच्याच परंपरेतल्या पक्षाचं सरकार, तिजोरीवर कर्जाचा डोंगर. त्यांनी 52 छोटी ग्रामीण हॉस्पिटलं बंद केली किंवा त्यांचं रूपांतर केलं. आजोबा-पणजोबांच्या करातून चाललेली जागा अशी जाताना त्या गावांना काय वाटलं असेल! हिशेब बरोबर होता म्हणतात, असेलही. पण प्रांताकडे जोखीम सोपवली की कुलूप-किल्लीही प्रांताकडेच जाते, हे 1947 साली किती जणांच्या ध्यानात आलं असेल?

डिसेंबर 2017 मध्ये तिथली 12 विभागीय मंडळंही विलीन होऊन एकच प्राधिकरण झालं.