कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना का देतात? घरी हा प्रयोग का करू नये?

निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले चांगले जंतू एक दिवसाच्या पिल्लाला दिले, तर काही रोगजंतूंपासून त्याचे रक्षण होते. ही पद्धत जगात पन्नास वर्षांपासून माहीत आहे. मात्र विष्ठा पाण्यात कालवून पिल्लांना पाजणे म्हणजे ही पद्धत नव्हे. तसे केले तर अख्खी बॅच हातची जाऊ शकते. म्हणून दोन्हींतला फरक समजून घेतला पाहिजे.

खुडूक कोंबडी आणि हॅचरी

गावरान खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. पिल्ले बाहेर आली की आईच्या मागे उकिरडा उकरतात, तिने टोचलेले टोचतात. त्यातून आईच्या पोटातले जंतू पिल्लांच्या पोटात जातात आणि काही दिवसांत आतड्यात त्यांची वस्ती तयार होते.

हॅचरीत तसे होत नाही. अंडी धुरी देऊन मशीनमध्ये ठेवतात. पिल्लाची आणि मोठ्या कोंबडीची गाठच पडत नाही. त्यामुळे पिल्लू शेडवर येते तेव्हा त्याचे आतडे जवळपास रिकामे असते. नांगरून पेरणी न केलेल्या रानात जे आधी येईल ते माजते, तसेच इथे होते. साल्मोनेलासारखा रोगजंतू आधी पोचला तर तोच जागा धरतो. मोठ्या कोंबडीला बाधा व्हायला हे जंतू फार मोठ्या संख्येने लागतात, एक दिवसाच्या पिल्लाला मोजकेच पुरतात.

शोध कसा लागला

फिनलंड देशात १९७१ मध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जंतूची मोठी साथ पसरली. ती कोंबडीच्या मांसातून माणसांपर्यंत पोचली. त्यावर एस्को नुर्मी आणि रँटाला या संशोधकांनी प्रयोग केला. मोठ्या निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज त्यांनी नव्या पिल्लांना दिला आणि नंतर मुद्दाम साल्मोनेला पाजला. ज्यांना काही दिले नव्हते ती पिल्ले बाधित झाली. ज्यांना आतड्यातले जंतू दिले होते त्यातली बहुतेक वाचली. हा निष्कर्ष १९७३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. पुढे फिनलंडमध्येच या तत्त्वावर तयार औषध बाजारात आले. अमेरिकेत १९९८ मध्ये २९ प्रकारचे जंतू असलेल्या अशाच एका औषधाला सरकारी मंजुरी मिळाली. ते हॅचरीतच पिल्लांवर फवारायचे. पिल्ले चोचीने पिसे साफ करताना ते पोटात जायचे.

चांगले जंतू काय करतात

कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात, त्यांना सीकम म्हणतात. सर्वांत जास्त जंतू तिथेच राहतात. त्यांची कामे अशी:

- आतड्याच्या आतल्या पडद्यावरची जागा धरतात. रोगजंतूला चिकटायला जागा उरत नाही.
- रोगजंतूचे अन्न आधीच संपवतात.
- आम्ल तयार करतात. त्यात साल्मोनेला वाढत नाही.

हा उपाय प्रतिबंधाचा आहे, इलाजाचा नाही. रोगजंतू येण्याआधी, पहिल्याच दिवशी दिला तर उपयोग. हगवण लागल्यावर देऊन फार फायदा होत नाही. मानमोडीसारख्या विषाणूच्या रोगावर तो लसीची जागा घेत नाही.

घरी का करू नये

वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग बाळगून असते. तिच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू, जंताची अंडी, पांढऱ्या हगवणीचा साल्मोनेला, मानमोडीचा विषाणू येऊ शकतो. विष्ठा पाजली तर चांगल्याबरोबर हे सगळे पिल्लाच्या पोटात जाते, तेही त्याची ताकद सर्वांत कमी असताना. तयार औषधासाठी रोगमुक्त ठेवलेल्या कोंबड्यांचे जंतू घेतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि रोगजंतू नाहीत ना हे तपासतात. ती तपासणी घरी होत नाही.

याच कारणाने हॅचरीची पिल्ले आणून थेट गावरान कोंबड्यांत सोडणेही धोक्याचे आहे.

शेडवर काय करता येईल

- प्रोबायोटिक घेताना लेबल वाचा. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच पावडरींत लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस किंवा यीस्ट असे एक-दोन किंवा मोजकेच प्रकार असतात. आतड्यातल्या पूर्ण वस्तीची बरोबरी त्याने होत नाही, काही प्रमाणात मदत होऊ शकते. मुदत संपलेला किंवा उन्हात पडलेला पुडा घेऊ नका.
- टीसीएलच्या पाण्यात देऊ नका. लासोटाची लस पाजताना जशी काळजी घेतो तशीच इथे घ्यावी. ही औषधेही जिवंत असतात, क्लोरीनने मरतात.
- अँटिबायोटिक सवयीने देऊ नका. पिल्ले आली की तीन-चार दिवस अँटिबायोटिक द्यायचे, अशी पद्धत बऱ्याच शेडवर आहे. त्याने चांगले जंतूही मरतात आणि रान पुन्हा मोकळे होते. पिल्ले खरोखर आजारी असतील तर औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच सुरू करा आणि सांगितले तितके दिवस द्या. कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना देण्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.
- ब्रूडिंग चुकवू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३३ ते ३५ अंश ऊब, कोरडे तूस, पिल्ले उतरताच स्वच्छ पाणी आणि खाद्य. थंडीने गारठलेले पिल्लू खात नाही, मग कुठलेच जंतू त्याला वाचवत नाहीत.
- मर वाढली तर थांबू नका. ताजी मेलेली पिल्ले प्लॅस्टिक पिशवीत घालून, बर्फात ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. शवविच्छेदन केल्यावरच नेमका रोग कळतो आणि औषधाचा वायफळ खर्च वाचतो.

नवी बॅच टाकण्याआधी हॅचरीला दोन गोष्टी जरूर विचारा: पिल्लांना मॅरेक्सची लस दिली आहे का, आणि पहिल्या दिवशी दुसरे कुठले औषध किंवा प्रोबायोटिक दिले आहे का. हॅचरीत अँटिबायोटिक दिलेले असेल, तर प्रोबायोटिक कधी सुरू करायचे ते पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.