शिशाच्या खिळ्यांचा मागोवा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांमध्ये एक वाक्य वारंवार कानी पडतं: ‘सेवा चालू आहे, पण फळ दिसत नाही.’ विम्को, ऑर्डनन्स फॅक्टरी, शहाडची सेंच्युरी रेयॉन यांच्या नोकऱ्यांमागे घाटावरून जी कुटुंबं इथे आली, त्यांत नगरकडची ख्रिस्ती कुटुंबंही होती. त्यांची उपासना कुठे स्वतःच्या मंदिरात भरते, कुठे भाड्याच्या हॉलमध्ये. पाळक घरोघर जातात, आजाऱ्याजवळ प्रार्थनेला बसतात, निघताना हातात एखादी पुस्तिका ठेवतात, आणि वर्षाअखेरीच्या अहवालात सभासदांचा आकडा जवळपास तोच राहतो. त्या वाक्यातला थकवा खरा आहे. म्हणून त्या पुस्तिकेचाच माग काढावासा वाटला. मुंबईत अशी मराठी पुस्तिका छापायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्या पदरात काय पडलं?

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवणीचा हुकूमही निघाला. अर्जविनंत्यांत वर्ष गेलं, तेव्हा कुठे राहायची परवानगी मिळाली. दोघे मराठी शिकले, रस्त्यांत आणि देवळांच्या आवारांत बोलू लागले. लोक ऐकत, वाद घालत, निघून जात. १८१६च्या अखेरीस छपाईचं काम जाणणारा होरेशिओ बार्डवेल त्यांना येऊन मिळाला. छपाईचं यंत्र आणि देवनागरी अक्षरांचे शिशाचे खिळे कलकत्त्याहून आले, आणि मार्च १८१७मध्ये शास्त्रवचनांची आठ पानी पुस्तिका छापून झाली. पहिला बाप्तिस्मा मात्र १८१९मध्ये झाला. तोही मराठी माणसाचा नव्हता. हैदराबादकडच्या कादिर यार खान या मुसलमान गृहस्थाचा होता. सहा वर्षांच्या कामाचा आकडा एक.

हॉलच्या शेवटाकडे मी पुनःपुन्हा वळतो. बायकोमुलांना त्याने १८२५मध्ये अमेरिकेला पाठवलं आणि स्वतः मागे राहिला. मार्च १८२६मध्ये पुस्तकं आणि औषधं घेऊन तो नाशिकला गेला, तर तिथे पटकीची साथ. होती ती औषधं त्याने वाटली आणि परतीच्या वाटेला लागला. त्र्यंबकजवळच्या धोरली-दापूर गावी देवळाच्या आसऱ्याला रात्र काढताना त्यालाच पटकीने गाठलं. २० मार्चला तो गेला. वय एकेचाळीस. सोबतच्या दोन तरुणांनी त्याला तिथेच पुरलं. ज्या मराठी नव्या करारासाठी तो वर्षानुवर्षं राबला होता, तो त्याच वर्षी छापून पुरा झाला. तेरा वर्षांत त्याने उभी केलेली मंडळी एका खोलीत मावली असती.

पण खिळे थांबले नाहीत. गणपत कृष्णाजी नावाच्या भंडारी गृहस्थाने मिशनची छपाई पाहिली आणि आपलेही ग्रंथ असे छापावेत, हे त्याच्या मनाने घेतलं. लाकडी यंत्र, शाई, सगळी खटपट त्याने स्वतः केली आणि १८३१मध्ये मराठी पंचांग छापलं. पुढे मिशनच्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम अक्षरांचे ठसे कोरू लागला. कलकत्त्याच्या खिळ्यांचं ओबडधोबड वळण जाऊन मुंबईचं सुबक वळण तयार झालं. त्याच्या हाताखाली शिकलेला एक गरीब पोरगा म्हणजे जावजी दादाजी. जावजींनी १८६४मध्ये खिळे पाडायचा स्वतःचा कारखाना काढला, राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसेकार जोडीला घेतला, आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. संस्कृत काव्यनाटकांच्या ज्या देखण्या निर्दोष प्रती आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचल्या, त्या तिथल्या. देवनागरी मुद्रणात ते वळण पुढे कित्येक वर्षं आदर्श मानलं गेलं.

मिशनला हे ‘फळ’ होतं म्हणून समाधान करून घ्यायला माझं मन धजत नाही. हॉलने पंचांगासाठी प्रार्थना केली नव्हती. त्याला माणसं हवी होती, आणि ती त्याला दिसली नाहीत. त्याच्या कामातून जे उगवलं, त्यातलं बरंचसं त्याने मागितलेलंच नव्हतं. एवढं मात्र निश्चित, की अहवालाच्या रकान्यात मावणारा हिशेब आणि कामाचा हिशेब या दोन गोष्टी त्याच्या बाबतीत कधीच जुळल्या नाहीत. माणसं आली, पण फार पुढे. कवी नारायण वामन टिळकांचं लहानपणीचं शिक्षण याच पट्ट्याच्या तोंडाशी, कल्याणला झालं. आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हॉलला जाऊन तेव्हा एकोणसत्तर वर्षं होत आली होती. टिळकांची पदं आज या पट्ट्यातल्या मराठी उपासनांत गायली जातात.

अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग कर्जत, खंडाळा, पुणे ओलांडून केडगावला पोचतो. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये खिळ्यांचं काम बायकांच्या हाती आलं. रमाबाईंना प्रचलित मराठी बायबलची भाषा जड वाटे. जेमतेम शिकलेल्या बाईला कळेल असं भाषांतर हवं, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पुढची सुमारे अठरा वर्षं त्यांनी स्वतःला त्या कामाला जुंपून घेतलं. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला, तो त्यांनी पाहिला नाही. मंडळ्यांच्या व्यासपीठावर तो रुजलाही नाही. तिथे बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जातं. मुक्तीच्या छापखान्यात त्या ग्रंथाचे खिळे जुळवणाऱ्या बायकांपैकी कितीतरी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या, आणि केडगावला येण्याआधी त्यांना अक्षरओळखही नव्हती.